लग्न दोघांचं, नोटीस सगळ्यांसाठी

रजिस्टर लग्न म्हणजे दोन सह्या केल्या की झालं, असा समज अजूनही पक्का आहे. तसं नाही. वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांना कुणीही धर्म न बदलता लग्न करायचं असेल, तर त्यांना विशेष विवाह कायदा, १९५४ हाच मुख्य आधार. आणि या कायद्याची वाट सरकारी नोटीस बोर्डावरून जाते.

आधी क्रम बघा. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य झालेलं हवं. मग विवाह अधिकाऱ्याकडे ठरलेल्या नमुन्यात नोटीस द्यायची. त्यातले रकाने असे: नाव, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, कायमचा पत्ता, इथे किती दिवसांपासून राहता. ही नोटीस एका वहीत चढते. ती वही कुणीही येऊन फुकट बघू शकतो. शिवाय एक प्रत कार्यालयात ठळक जागी लावतात. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर तिकडच्या विवाह अधिकाऱ्याला प्रत जाते आणि तिथेही ती लागते. म्हणजे मुलगी नोकरीला पुण्यात आणि घर परभणीला असेल, तर तिने घरी सांगायच्या आधी परभणीच्या कार्यालयातली भिंत सांगणार.

पुढचे ३० दिवस हरकतीसाठी. हरकत कोण घेऊ शकतो? कायद्याचा शब्द आहे ‘कोणतीही व्यक्ती’. नातं लागत नाही, ओळखही लागत नाही. हरकत कलम ४ च्या अटींवरच घ्यायची असते: आधीचं लग्न कायम असलेला जोडीदार हयात नसणं, मानसिक क्षमता, मुलाचं वय २१ आणि मुलीचं १८ पूर्ण, निषिद्ध नातं नसणं. जात, धर्म, आईवडिलांची नाराजी यांतलं काहीही त्यात बसत नाही. पण हरकत नोंदवतानाच पुरावा जोडला पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. हरकत आली की लग्न थांबतं आणि चौकशीला आणखी ३० दिवस मिळतात. ती खोडसाळ निघाली तर हरकतदाराने भरायची भरपाई किती? जास्तीत जास्त १,००० रुपये. तोवर ज्यांना ते लग्न मोडायचंय, त्यांच्या हातात नाव, वय, पत्ता सगळं पडलेलं असतं.

फसवणूक कशी रोखणार, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. वय जन्मदाखल्यावरून कळतं, घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून. पहिलं लग्न लपवून दुसरं केलं तर ते लग्न मुळातच रद्दबातल ठरतं आणि शिक्षा होते ती वेगळी. हे सगळं टेबलावर कागद तपासून होतं, त्यासाठी पत्ता भिंतीवर लावावा लागत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली आज मुहूर्त काढून आजच लग्न लागतं, तिथे कुणी नोटीस मागत नाही. दोन लग्नांची फसवणूक काय फक्त आंतरधर्मीय जोडपीच करतात?

न्यायालयांना हे दिसलंय. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये जोडप्यांच्या घरी नोटीस पाठवण्याला आक्षेप घेतला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की जोडप्याने लेखी मागणी केली तरच नोटीस प्रसिद्ध करावी. केरळने २०२० मध्ये या नोटिसा वेबसाइटवर टाकणं थांबवलं. पण कायद्यातली कलमं जिथल्या तिथे आहेत.

आधी धार्मिक विधी करून मग याच कायद्याखाली नोंदणी करू, असं काही जण ठरवतात. त्यालाही जाहीर नोटीस आणि ३० दिवस आहेतच, सुटका नाही.

जे या वाटेने जाणार आहेत त्यांनी काही गोष्टी आधी बघाव्यात. जन्मदाखला, आधार आणि भाडेकरार यांवरची नावं अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. स्पेलिंगच्या फरकावरून फेऱ्या वाढतात. भाडेकरार नोंदणीकृत असू द्या. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे तिसाव्या दिवसानंतरची तारीख लगेच धरा. साक्षीदार तीन लागतात. चौथा तयार ठेवा, कारण घरच्यांचा दबाव आला की आयत्या वेळी गळतो तो साक्षीदारच.

मागणी साधी आहे. कागद तपासा, हवे तेवढे कडक तपासा. वही बंद ठेवा, भिंतीवरची प्रत काढा आणि नोटिशीनंतर ३० दिवस थांबण्याची अट रद्द करा. कलम १२ प्रमाणे लग्न लागायला दोघांनी अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, त्यांना समजणाऱ्या भाषेत, एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारल्याचं एक वाक्य म्हणायचं असतं. त्या एका वाक्यासाठी दोन सज्ञान माणसांना महिनाभर भिंतीवर टांगून ठेवू नका.