गाडी चालवणाऱ्याला कुणी विचारलं का?

आपल्या ग्रुपवर सकाळपासून मर्सिडीजच्या जीएलसी या नव्या इलेक्ट्रिक गाडीचा व्हिडिओ फिरतोय. डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड स्क्रीन, ३९.१ इंचांची, म्हणजे जवळजवळ एक मीटर. पुढच्या जाळीत ९४२ प्रकाशबिंदू. खाली सगळ्यांचे बदाम. मी काहीच टाकलं नाही, पण दिवसभर ते डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितेय. लांबलचक होणार आहे.

मला फक्त एक सांगा. हे सगळं ठरवताना गाडी प्रत्यक्ष चालवणाऱ्या माणसाला कुणी विचारतं का? आपल्याकडे कोटभराची गाडी घेणारा बहुतेक वेळा मागे बसतो. स्टिअरिंगवर असतो तो पगारी माणूस. माझा मावसभाऊ, आमचा दादा, हेच काम करतो. अर्धं आयुष्य त्याने दुसऱ्यांच्या महागड्या गाड्या चालवण्यात घालवलंय, आणि गाडीवर एक ओरखडा येऊ दिलेला नाही.

मागच्या पावसाळ्यात साहेबांना मुंबई विमानतळावर सोडून दादा रिकामी गाडी घेऊन पुण्याला परतत होता. साहेबांना विचारून त्याने मला सोबत घेतलं. नवीकोरी गाडी, नाव सांगत नाही. बोरघाटातला आडोशीचा बोगदा संपला आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस सुरू झाला. दोन मिनिटांत समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. डावीकडे कंटेनर, उजवीकडे डिव्हायडर, मागून ट्रॅव्हल्सवाला हॉर्न देतोय. आणि काचेवर हवा सोडायचं बटण कुठेच नाही! ते स्क्रीनच्या आत. आधी एसीचं पान उघडा, मग ते काचेचं चित्र शोधा. दादा म्हणाला, "अगं, तू बघ ते, मला रस्ता सोडता येईना." मी बोट लावतेय, गाडी हलतेय, बोट भलतीकडेच पडतंय. सीट थंड व्हायला लागली, पण काच साफ होईना. शेवटी दादाने खिशातला रुमाल काढून एका हाताने काच पुसली आणि तेवढ्या भोकातून बघत गाडी पुढे काढली. त्याच्या कपाळावर एसीतही घाम होता.

हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून ते बदाम बघून डोकं सणकलं.

दादा शिकला तो त्याच्या आधीच्या शेठच्या जुन्या ई-क्लासवर. मर्सिडीजने १९९५ साली टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीच्या कारखान्यात जोडणी सुरू केली, त्या काळातली गाडी. मी लहानपणी तिच्यात बसलेय. एसीची गोल चकती फिरवली की बोटांना खटका जाणवायचा. एका बटणावरचं चित्र वापरून वापरून पार पुसलं गेलं होतं, तरी दादाचा हात बरोब्बर तिथेच जायचा, नजर रस्त्यावरून न हलवता. आईला अंधारात मिठाचा डबा सापडतो ना, तसा. माझ्या लेखी श्रीमंती ती. गाडीने माणसाचा हात ओळखायचा, माणसाने गाडीची पानं उलटत बसायचं नाही.

मान्य आहे, मोठ्या स्क्रीनवर नकाशा छान दिसतो. गल्लीत गाडी वळवताना तो गाडी वरून दाखवणारा कॅमेरा दादालाही आवडतो. आणि ती पूर्ण लांबीची स्क्रीन ज्याला हवी त्यानेच घ्यायची आहे, हेही खरं. बरं, पुढे.

मग बटणं का काढली? सरळ आहे. चाळीस बटणं, त्यांच्या वायरी, त्यांचे साचे, यापेक्षा एक स्क्रीन बसवणं स्वस्त पडतं. आणि बटण एकदा विकलं की विकलं. स्क्रीनवर मात्र गाडी घरी आल्यानंतरही काहीबाही विकता येतं. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये दक्षिण कोरियात सीट गरम करायचे महिन्याला पैसे मागितले होते. सीटमध्ये तारा आधीच बसवलेल्या, फक्त कुलूप घातलेलं! लोक खवळले तेव्हा पुढच्या वर्षी बंद केलं. मर्सिडीजनेही २०२२ मध्येच अमेरिकेत इलेक्ट्रिक गाड्यांचा पिकअप वाढवून द्यायला वर्षाला १२०० डॉलर लावले. मोटर तीच, बॅटरी तीच. याला मी लूट म्हणते. कुणाला राग आला तर येऊ दे.

आणि स्क्रीनमुळे वेळ जातो हे कंपन्यांना कळत नाही असंही नाही. स्वीडनमधल्या एका मासिकाने २०२२ मध्ये रेडिओ लावणं, एसी बदलणं अशी साधी कामं ताशी ११० च्या वेगात करून बघितली. २००५ सालच्या बटणवाल्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत झाली, एका नव्या स्क्रीनवाल्या गाडीत जवळपास ४५ सेकंद लागले. ४५ सेकंद! घाटात तेवढ्या वेळात काय काय होतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आता युरोपातली सुरक्षा चाचणी करणारी संस्था, युरो एनकॅप, २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे अशा गोष्टींना खरी बटणं नसतील तर गुण कापणार आहे. चांगलं आहे. पण त्या यादीत काचेवरची वाफ नाही. त्या माणसांनी आमचा जुलैमधला बोरघाट बघितलेला नाही.

मर्सिडीजने या नव्या गाडीच्या स्टिअरिंगवर आवाजासाठी फिरवायचा रोलर परत आणलाय, म्हणजे थोडी अक्कल आली म्हणायची. तेवढं श्रेय देते. पण आवाजाआधी काच हवी होती हो.

साहेबांबद्दल माझं काही म्हणणं नाही. माणूस वाईट नाही, दादाच्या मुलीची फी त्यांनीच भरली होती. दादाने घाटातलं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शिकून घे, यूट्यूबवर सगळं आहे." दादाने शिकून घेतलंही. पार्किंगमध्ये बसून, साहेब मीटिंगमध्ये असताना, स्वतःच्या मोबाइलवर व्हिडिओ लावून. इंग्रजीतले शब्द वहीत मराठीत लिहून घेतले. ती वही मी बघितली आणि मला रडूच आलं. इतकं चांगलं गाडी चालवणाऱ्या माणसाला आपल्यालाच काही येत नाही असं वाटायला लावायचं, हा कसला प्रकार?

तर आता विनंती. तुमच्यापैकी काही जणांकडे अशा गाड्या आहेत, काही जण दिवाळीला घेणार आहेत. टेस्ट ड्राइव्हला ड्रायव्हरला बरोबर न्या आणि त्यालाच चालवू द्या. सेल्समनला म्हणा, गाडी चालू असताना काचेवरची वाफ घालवून दाखव, स्क्रीनकडे न बघता. आणि ज्यांच्या गाडीत त्याचं वेगळं बटण आहे, त्यांनी खाली मॉडेलचं नाव लिहा. दादाचे साहेब पुढच्या वर्षी गाडी बदलणार आहेत आणि या वेळी त्यांनी दादालाच विचारलंय, कुठली घेऊ.