हॉल मोठा म्हणून सबवूफरही अवाढव्य? थांबा जरा

‘मोठ्या हॉलसाठी होम थिएटरचे पाच नियम’ हा मेसेज सध्या जो तो पुढे ढकलतोय. मी लक्ष देत नव्हतो. पण सांगलीचे आमचे दाजी तो वाचून पंधरा इंची सबवूफर (फक्त बास वाजवणारा वेगळा स्पीकर) मागवायला निघाले, वर ‘फोमही आणून ठेवलाय’ म्हणाले, तेव्हा मात्र राहवेना. त्यांचा हॉल २८ बाय २० फूट, उंची १० फूट. त्याच मापावर हे नियम तपासू.

‘दर चौरस फुटाला एक वॅट.’ म्हणजे दाजींना ५६० वॅट! अहो, वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. उलट ८४ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये जास्त जोरात वाजणारा) स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला आधीच्या पाव हिश्श्याइतकेच वॅट पुरतात. आधी तो आकडा बघा. ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असेल तर ते वाचूच नका.

‘मोठा हॉल म्हणजे टॉवर स्पीकरच.’ असं काही नाही. खालचा बास सबवूफर सांभाळणार असेल, तर चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे स्पीकरही चालतात.

आता मुख्य मुद्दा. ‘बासला दिशा नसते, म्हणून एकच मोठा सबवूफर कोपऱ्यात ठेवा, हॉलभर सारखा बास मिळेल.’ सगळ्यात जास्त पैसे या वाक्यापायी वाया जातात, कारण ते अर्धं खरं आहे. साधारण ८० हर्ट्झच्या (सेकंदाला ८० कंपनांच्या) खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, मान्य. कोपऱ्यात बास सर्वांत जोरात वाजतो, हेही मान्य. पण जोरात म्हणजे सगळीकडे सारखा नव्हे.

२८ फुटांच्या लांबीत समोरासमोरच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी २०, ४०, ६० हर्ट्झच्या आसपास एकमेकींत अडकतात. मोबाइलवरच्या टोन जनरेटर ॲपने सबवूफरवर ६० हर्ट्झचा सूर लावा आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाला. भिंतीशी छातीत धडधडेल, हॉलच्या ऐन मध्यावर अगदी बारीक होईल. दाजींचा सोफा नेमका तिथेच आहे! शिवाय २० फूट रुंदी आणि १० फूट उंची, दोन्हींचा हिशोब ५६ हर्ट्झवर येऊन मिळतो. म्हणजे हॉलच्या कडेला बसणाऱ्याला तोच एक सूर घुमत राहणार. पंधरा इंची आणून यातलं काहीही बदलत नाही, फक्त घुमणं मोठं होतं.

ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे याच प्रश्नावर निबंध मांडला: आयताकृती खोलीत सबवूफर किती आणि कुठे? चारही भिंतींच्या मध्यावर एकेक, असे चार ठेवले तर बसायच्या जागांवर बास बराच एकसारखा होतो. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी जवळपास तेवढंच साधतं. चारापेक्षा जास्त ठेवून फारसा फायदा नाही. कारण सरळ आहे: लांबीच्या दोन टोकांचे दोन सबवूफर २० आणि ६० हर्ट्झच्या त्या अडकलेल्या लहरींना उलटसुलट ढकलतात आणि त्या उठतच नाहीत.

‘उरलेलं ऑटो कॅलिब्रेशन (माइकने मोजून आवाज आपोआप जुळवणारी सोय) करेल.’ नाही करणार. ते उंचवटे, म्हणजे जास्त घुमणारे सूर, कापतं. खड्डा, म्हणजे बारीक झालेला सूर, भरायला गेलं तर ॲम्प्लिफायर दमतो आणि खड्डा तसाच राहतो.

राहिला फोम. ‘गादीचा दोन इंची फोम भिंतींना चिकटवा, बास सुधारेल.’ हे वाचून मला खरोखर संताप आला. ६० हर्ट्झची लहर जवळजवळ १९ फूट लांब असते, तिला दोन इंचांचं काय? आणि तो फोम पेटतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये आवाज दाबायला लावलेल्या फोमने आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेट घेतला. १०० माणसं गेली. दाजींच्या हॉलमध्ये देवघर आहे, रोज समई लागते.

दाजी, तो फोम आजच परत करा. पंधरा इंचीच्या पैशांत बारा इंची दोन येत असतील तर ते घ्या आणि लांबीच्या दोन टोकांच्या, म्हणजे २० फुटी, भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवा. एकच परवडत असेल, तर तो आधी सोफ्यावर ठेवून ओळखीचं गाणं लावा आणि कान जमिनीलगत नेऊन भिंतीकडेने फिरा. जिथे बास सपाट आणि स्वच्छ ऐकू येईल, तीच सबवूफरची जागा.