जपानची मुले आणि आमचा तिसरीचा वर्ग

परदेशातील मुलांची दिनचर्या तिसरीच्या वर्गाला समजावून सांगावी आणि छायाचित्रांसह अहवाल पाठवावा, असा निरोप वरून आला, तेव्हा मी तत्काळ जपान निवडला. या निवडीमागे ज्ञानप्रसाराची तळमळ होती असे कोणी समजू नये. तिकडची मुले वर्ग स्वतः झाडतात आणि मुकाट्याने रांगेत उभी राहतात, हे ऐकून आमची मुले खजील होतील आणि निदान आठवडाभर माझा घसा शाबूत राहील, एवढाच माझा स्वार्थ होता. परदेशातल्या मुलांच्या गोष्टी आपण बहुधा आपल्या मुलांना टोमणे मारण्यासाठीच सांगतो, आणि मुलांना त्याचा वास आधीच लागलेला असतो.

सुरुवात दप्तरापासून केली. 'रान्दोसेरू' नावाचे ते कडक, चौकोनी दप्तर पहिलीला घेतले की प्राथमिक शाळेची सहाही वर्षे चालते, हे मी ठासून सांगितले, कारण आमच्याकडे जूनमध्ये घेतलेल्या दप्तराची चेन गणपतीपर्यंत राम म्हणते. त्याची किंमत ५०,००० येनांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही अधिक असते, म्हणजे आपले पंचवीस-तीस हजार रुपये, असे म्हणताच मागच्या रांगेतून "तीन शेळ्या!" असा हिशेब आला. त्यावर दुसऱ्याने, पाटी, म्हणजे कोवळी शेळी, असेल तर तेवढ्यात चार येतील, अशी हरकत घेतली आणि बाजारभावावरून वर्गात दोन तट पडले. ती चर्चा मी गणिताच्या तासात दाखवली.

मधल्या सुट्टीच्या जेवणाने तरी मुले नमतील असे वाटले होते. जपानमध्ये शालेय भोजनाचा कायदा १९५४ सालीच झाला. पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली मुलेच पाळीपाळीने वर्गात जेवण वाढतात, सोबत बहुधा २०० मिलीलिटर दूध असते, आणि शिक्षकही मुलांबरोबर तेच जेवतात. आमच्याकडे खिचडी वाढणाऱ्या मावशींच्या पातेल्याभोवती रोज जे रणकंदन माजते, ते आठवून मी या भागावर विशेष भर दिला. वर्ग गप्प झाला. पण ती शरम नव्हती, संशय होता. "बाई, मंग वाढणारा आपल्या दोस्ताला जास्त वाढत नसंल का?" या प्रश्नाला शिक्षणशास्त्रात उत्तर नाही. अखेर, उरलेले दूध किंवा गोड पदार्थ कोणाला मिळावा यासाठी तिकडची मुले दगड-कागद-कात्री खेळतात, हे मी सांगून टाकले आणि जपान प्रथमच वर्गाच्या पसंतीस उतरला.

सफाईच्या विषयाला मात्र मी तयारीनिशी हात घातला. ओले फडके दोन्ही हातांनी जमिनीवर दाबायचे, कंबर उंच करायची आणि वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धावत जायचे, अशी तिकडची फरशी पुसण्याची रीत. प्रात्यक्षिकासाठी सतरंज्या गुंडाळल्या. जपानी मुले एका दिशेने जातात ही बारीकसारीक बाब आमच्या मुलांना मान्य नव्हती. दोन्ही भिंतींकडून एकाच वेळी आरोळ्या उठल्या, शहाबादी फरशीवर मधोमध दोन कपाळे आपटली, आणि बादली कलंडून निघालेला ओघळ दारात नेमक्या त्याच वेळी उभ्या राहिलेल्या साहेबांच्या बुटांपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी एका आईने येऊन, "लेकराला शिकायला पाठवतो का फरशी पुसायला?" असे विचारले. मी जपानचे नाव घेतले, तर तिने त्या देशालाही दोन शब्द सुनावले.

भूकंपाच्या सरावात अडचण वेगळीच निघाली. तिकडे मुले बाकाखाली शिरून बाकाचे पाय घट्ट धरतात. आमच्या वर्गात बाकच नाहीत. पण या तासाला कोणी हसले नाही. आमचे गाव लातूर जिल्ह्यातले, त्यामुळे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप मुलांनी आजी-आजोबांकडून पाठ केलेला होता. १९२३च्या भूकंपाच्या आठवणीसाठी जपानमध्ये १ सप्टेंबरला देशभर सराव होतो, हे सांगितल्यावर मुलांनी आपल्या घराच्या भिंती आणि दारे मोजायला सुरुवात केली, आणि मला मध्ये एक शब्दही घालावा लागला नाही.

शेवटी सुट्टीचा विषय निघाला. जपानमध्ये उन्हाळी सुट्टी बहुतेक ठिकाणी जेमतेम चाळीस दिवसांची. त्यातही गृहपाठ, रोजनिशी, आणि पुष्कळ गावांत सकाळी लवकर मैदानात जमून रेडिओच्या तालावर व्यायाम करायचा व हजेरीच्या कार्डावर शिक्का घ्यायचा. माझे उद्दिष्ट अर्थातच सुट्टीतल्या अभ्यासाचे महत्त्व ठसवण्याचे होते. वर्गात हळहळ पसरली. कोणीतरी पुटपुटले, "बिचारी लेकरं." मग जपानमधल्या मुलाला पत्र लिहा म्हणून सांगितले, तर बहुतेकांनी त्याला मे महिन्यात आमच्या गावी बोलावले होते, आणि एकाने खाली तळटीप दिली होती : 'येताना दप्तर आणू नको, इथं कोणी अभ्यास घेत नाही. बाई पण गावाला जातात.'