सूट राज्याची, खिसा गावाचा

सांगलीत विश्रामबागच्या कट्ट्यावर परवा चांगलाच वाद पेटला. फौंड्रीवाले तात्या म्हणाले, "नव्या कारखान्याला दहा वर्षं मालमत्ता कर माफ, असा सरळ कायदाच राज्यानं करावा. नाहीतर बसा बघत, सगळे कर्नाटकात जातील."

मास्तर उसळले. "आणि गावानं गटार कशातनं बांधायचं?"

"गटाराचं काय घेऊन बसलाय मास्तर! किर्लोस्करवाडी कशी झाली? लक्ष्मणरावांना बेळगावातली जागा सोडायला लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला, वर कर्ज दिलं. 1910 सालची गोष्ट. आज त्या माळावर किती चुली पेटतात?"

यावर सगळे गप्प झाले. आपल्या जिल्ह्यात हा दाखला कुणाला खोडता येत नाही, आणि मलाही खोडायचा नव्हता. पण त्यातलीच एक गोष्ट मी तात्यांपुढे ठेवली. राजांनी दिलं ते स्वतःच्या संस्थानातलं. इथं सूट जाहीर करणार मुंबई आणि वसुली बुडणार ग्रामपंचायतीची नाहीतर महापालिकेची. राज्य आपल्या वाट्याचा जीएसटी परत देतं, वीज शुल्क किंवा मुद्रांक शुल्क माफ करतं, त्याला माझी ना नाही, ते त्याच्या तिजोरीतलं आहे. शहरांची जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही गेला. हक्काची म्हणावी अशी घरपट्टीच काय ती उरली.

वकील म्हणाले, "कायद्यानं बघाल तर राज्याला अडवता येणार नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद 243-एच वाचा. पंचायतीला कर लावायचा अधिकार विधिमंडळ देईल तेवढाच. पण आपल्याच ग्रामपंचायत अधिनियमात कलम 125 आहे. कारखान्यानं करांऐवजी ठोक रक्कम द्यायची, तसा पंचायतीशी करार करायचा. म्हणजे गावाशी बोलणी करायची वाट आधीपासूनच आहे."

मला हेच हवं होतं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात 1936 पासून कारखान्यांना मालमत्ता करात सूट मिळते. कितीतरी वर्षं ती शंभर टक्के होती आणि मंजुरी राज्याचं मंडळ द्यायचं. मालमत्ता करावर चालणाऱ्या ज्या शाळांचा पैसा बुडायचा त्यांना कुणी विचारायचंसुद्धा नाही. 2016 मध्ये गव्हर्नर एडवर्ड्स यांनी स्थानिक संस्थांची संमती लागेल असं केलं. मग बॅटन रूज या तिथल्या राजधानीतल्या शिक्षकांनी एक दिवस शाळा बंद ठेवायचा ठराव केला आणि जानेवारी 2019 मध्ये तिथल्या शाळा मंडळानं एक्सॉनमोबिलसारख्या बड्या तेल कंपनीचा अर्ज फेटाळला.

मास्तर सरसावून बसले. चाळीस पोरांच्या वर्गावर पत्रा गळताना त्यांनी शिकवलंय.

"म्हणजे कारखाना नकोच म्हणायचं?" तात्या तापले. "आमच्या वसाहतीत घरपट्टी वेगळी, सेवाशुल्क वेगळं, आणि रस्त्यात खड्डे. ते नाही दिसत तुम्हाला?"

दिसतं, आणि तात्यांची ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. कर घेऊन सेवा द्यायची नाही, हा अन्यायच आहे. पण त्यावर उपाय म्हणजे सेवा मागणं. कर माफ झाला तर खड्डा बुजवायला तेवढाही पैसा राहणार नाही. सूट द्यायचीच असेल तर अमेरिकेतल्याच मिशिगन राज्याचा 1974 चा कायदा बघावा. कायदा राज्याचा, पण अर्ज आधी गावाच्या किंवा शहराच्या सभेपुढे जातो, तिथं सुनावणी होते, नव्या कारखान्याला साधारण निम्मा कर माफ होतो आणि मुदत जास्तीत जास्त बारा वर्षं. तात्यांना कारखाना आणायचाय ना, मग ग्रामसभेत उभं राहून किती नोकऱ्या, किती वर्षं सूट, हे सांगावं. नोकऱ्या दिल्या नाहीत तर सूट परत, हेही त्याच ठरावात लिहून घ्यावं. लुइझियानात 2024 साली नव्या गव्हर्नरांनी नोकऱ्यांची अटच काढून टाकली, म्हणून आपण तर ती कायद्यातच घालून घेतली पाहिजे.

"ग्रामसभेत राजकारण होतं," तात्या म्हणाले.

"मंत्रालयात होत नाही?" मास्तरांनी विचारलं.

तात्यांनी उत्तर दिलं नाही. पण बारा वर्षांची मुदत त्यांना कमी वाटते, पंधरा हवीत, एवढं मात्र ते उठताना बजावून गेले.