बेळगावात बसून कोळंबी

'दर्यावर्दी' या टोपणनावाने गेल्या लेखाखाली आलेली प्रतिक्रिया अशी: "बेळगावात बसून कोळंबीच्या लशीवर लिहायला काय जातं? कोळंबीत अँटिबॉडीच तयार होत नाहीत, मग लस कसली? तपासलेलं बी घ्या म्हणावं, बाकी सगळं मार्केटिंग."

आधी ते 'बेळगावात बसून'. साहेब, बेळगावला समुद्र नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण माझं आजोळ कारवारकडचं. मामाने अंकोल्याजवळ गजनीतलं (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं) तळं खंडाने घेतलं होतं, टायगर कोळंबीचं, आणि त्यातले निम्मे पैसे माझ्या वडिलांनी खानापूरच्या भातशेतीवर कर्ज काढून दिले होते. एक दिवस कोळंबी बांधाच्या कडेला येऊन सुस्त पडू लागली, कवचावर पांढरे ठिपके. आठवडाभरात तळं संपलं. कर्ज मात्र आम्ही इथेच, बेळगावात बसून फेडलं. आता या विषयावर लिहायला मी कुठे जाऊन बसू, तेवढं सांगा की!

अँटिबॉडीचं म्हणाल, तर लेखातच ते लिहिलंय. तिथवर आपण वाचलं नसावं. कोळंबीत आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात, तरी २००४ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी व्हीपी२८ हे पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूच्या आवरणातलं प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेतलं आणि ते निष्क्रिय केलेले जिवाणू खाद्यातून टायगर कोळंबीला दिले. नंतर विषाणूशी गाठ घातल्यावर ही कोळंबी जास्त जगली. तीन आठवड्यांनी तो परिणाम बराच ओसरला, हेही खरं. दुसरी वाट दुपदरी आरएनएची (आरएनए म्हणजे जनुकाचा संदेश वाहणारा रेणू). विषाणूच्या जनुकाशी जुळणारा आरएनए टोचला की कोळंबीच्या पेशी विषाणूचा संदेशच कापून टाकतात. प्रयोगशाळेत हे जमतं. तळ्यातल्या लाखो कोळंब्यांना सुई कोण टोचणार? म्हणून तर सगळी धडपड खाद्यातून देण्याची चाललीय, आणि माझा अख्खा लेख त्यावरच होता.

बी, म्हणजे तळ्यात सोडायची कोळंबीची पिल्लं, पीसीआर (विषाणूच्या जनुकाची चाचणी) करून घ्यावं, हे मात्र आपलं रास्त आहे, मान्य. फक्त तोच विषाणू अंगात घेऊन बांध ओलांडणाऱ्या खेकड्याला ते कुणी कळवलेलं नसतं.

मार्केटिंगच्या आरोपाला उत्तर देत नाही. मला कुणी छदाम दिलेला नाही, बस्स.

आपल्या आणखी दोन प्रतिक्रिया मी काढून टाकल्या आहेत. त्यांत कोळंबीबद्दल एक अक्षर नव्हतं.