लायसन्सचा पाळक म्हणजे अर्धा पाळक नव्हे

पाळक ऑर्डेन्ड (कायमची दीक्षा मिळालेला) आहे की नुसता लायसन्सचा (चर्चच्या परवान्यावर काम करणारा), यावरून त्याला मान किती द्यायचा हे ठरवायची आपल्या लोकांची सवय मला मनापासून खटकते.

माझा मावसभाऊ अमेरिकेत युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये लायसन्स्ड लोकल पास्टर आहे. नाताळात सोलापूरला आला, तेव्हा नातीचा बाप्तिस्मा त्याच्याच हातून करायचा, असं मावशीने ठरवून टाकलं होतं. टेबलावर पांढरं कापड, काचेच्या वाडग्यात पाणी, सगळं तयार. त्याने बाळाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाला, "बाप्तिस्मा मात्र इथल्या पाळकसाहेबांकडूनच घ्या." मावशी हिरमुसली. "तिथं चालतंय की, मग इथं का नाही रे?" नंतर पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, की हा कसला पाळक!

युनायटेड मेथडिस्ट चर्चचा नियम असा आहे. लायसन्स्ड पास्टर बाप्तिस्मा देतो, प्रभुभोजन (भाकर आणि प्याला) देतो, दफनविधी करतो, तिथला कायदा परवानगी देईल तिथे लग्नही लावतो. पण बिशपने नेमलेल्या मंडळीपुरतंच. नेमणूक संपली की अधिकार संपला, आणि लायसन्सचं नूतनीकरण दर वर्षी. एल्डरची, म्हणजे ऑर्डेन्ड पाळकाची, दीक्षा बिशपच्या हस्तार्पणाने (डोक्यावर हात ठेवून) होते, ती आयुष्यभराची. बदली होवो, निवृत्ती येवो, ती त्याच्याबरोबर राहते. (आपल्याकडे १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायला मिळणारा सरकारी परवाना ही निराळी गोष्ट. दोन्हींची गल्लत करू नका.)

जागेचं हे बंधन मला पटतं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या काळात साधे प्रचारक उपदेश करत, पण प्रभुभोजन देणं त्यांच्याकडे नव्हतं, आणि वेस्ली याबाबत फार कडक होता. अमेरिका स्वतंत्र झाली, बरेच अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे दीक्षित) पाळक निघून गेले, तिथल्या मेथडिस्टांना भाकर आणि प्याला द्यायला कुणी उरेना. तेव्हा १७८४ मध्ये वेस्लीने, स्वतः बिशप नसताना, व्हॉटकोट आणि व्हेसी या आपल्या दोन प्रचारकांवर हात ठेवून त्यांना दीक्षा दिली आणि तिकडे पाठवलं. सख्खा भाऊ चार्ल्सही त्यावर नाराज झाला. पण लोक उपाशी राहू नयेत, हे वेस्लीने वरचढ मानलं. लायसन्स्ड पास्टरला मिळणारा अधिकारही मला याच वाटेवरचा वाटतो. जिथे एल्डर नेमता येत नाही, त्या मंडळीसाठी तो दिलेला असतो. मग तो खिशात घालून सोलापूरला कसा आणणार? माझ्या भावाने नकार दिला तो त्या मंडळीशी इमान राखून.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एल्डरला नेमणुकीची हमी असते, लोकल पास्टरला नाही. नव्या माणसाला दीक्षा द्यायची की नाही, यावर एल्डर मत देतात, लोकल पास्टर देऊ शकत नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसायचं काम मात्र दोघांचं सारखंच. वर्षानुवर्षं एकच खेड्यातली मंडळी सांभाळणाऱ्या माणसाला दरसाल समितीपुढे पुन्हा लायसन्स मागायला लावणं अन्यायाचं आहे. अधिकाराची हद्द खुशाल ठेवा, पण इतकी वर्षं सेवा केलेल्यांना नेमणुकीची हमी आणि मताचा हक्क द्या.