पाच मिनिटांची लस्सी

"त्यात काय आहे? दही, आंबा, साखर. मिक्सरमध्ये गरकन फिरवायचं की झाली मँगो लस्सी. पाच मिनिटांचं काम," असं मी मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री लेकीला म्हणालो. बायकोने मोबाइलमधून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर या हालचालीचा अर्थ मला तरी कळायला हवा होता.

विकतचं दही आणावं, असं माझं मत. "घरात दोन लिटर दूध असताना?" असं आईचं. म्हणजे विरजण लावणं आलं. आईच्या शास्त्रानुसार दूध कोमट हवं आणि कोमट म्हणजे करंगळी बुडवून सावकाश दहा मोजता आले पाहिजेत. मी चारवरच बोट बाहेर काढलं. थोडं थांबून पुन्हा बुडवलं, सातवर काढलं. तिसऱ्या खेपेला आई म्हणाली, "अरे, दही लावतोयस की बोट?" साय मुद्दाम ठेवली, लस्सी दाट व्हावी म्हणून. चमचाभर विरजण पुरतं हे ठाऊक होतं. पण वेळेत लागलं नाही तर काय, म्हणून अर्धी वाटी घातलं. उन्हाळ्यात आमच्याकडे दही चार-पाच तासांत लागतं. मी मात्र नऊ तास झोपलो. सकाळी झाकण काढलं तर वर पिवळसर पाण्याचं तळं. चमचाभर चाखलं आणि डावा डोळा आपोआप मिटला.

"साखर जरा सढळ हाताने घालू," मी स्वतःलाच म्हणालो.

मग आंबा. आमच्या घरी पायरी रसाला आणि हापूस कापून खायला, अशी घटना आहे आणि तिच्यात दुरुस्तीची तरतूद नाही. रसातसुद्धा चिमूटभर सुंठ नि चमचाभर तूप, एवढीच सूट. "हापूस? दह्यात?" आईने असं विचारलं, जणू मी तिच्या पैठणीची भाजीची पिशवी शिवायला काढली होती. नातीकडे बघून अखेर तिने अढीतून चार आंबे दिले, तेही प्रत्येकाच्या देठाशी नाक लावून. मी एक जरा दाबून बघितला तर हातावर चापटी बसली. आंबा दाबणाऱ्याला आमच्या अढीत प्रवेश नाही.

पहिला कापला. साका.

ज्याला साका म्हणजे काय ते माहीत नाही, तो माणूस सुखी. बाहेरून आंबा केशरी, घरभर घमघमाट आणि आत कोयीलगत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. कापल्याशिवाय कळत नाही आणि कापल्यावर कळून उपयोग नाही. दुसराही तसाच निघाला. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. आमचा आंबेवाला बहुधा सहाव्या जिल्ह्यातला असावा. साका कोरून टाकत टाकत चार आंब्यांचा जेमतेम तीन आंब्यांएवढा गर निघाला. उरलेल्या कोयी मी ओट्याशी उभ्या उभ्या चोखल्या. सबंध प्रकरणातला तेवढाच निर्भेळ आनंद.

मिक्सरच्या मोठ्या भांड्यात शुक्रवारी लसणाची चटणी वाटली होती. भांडं घासून लख्ख होतं. पण झाकणाची रबरी रिंग काही विसरत नाही. हे मला नंतर कळलं.

गर, दही, चार मोठे चमचे साखर, बर्फ. फिरवलं. बघितलं तर बर्फाचे खडे तसेच, म्हणून आणखी फिरवलं. मग दाट वाटलं म्हणून गार पाणी घातलं. आंब्याचे दोरे दिसले म्हणून परत. घर्रर्र करणारा मिक्सर मध्येच थपक थपक करायला लागला. झाकण उघडलं तर वर केशरी कण तरंगतायत आणि खाली पातळ पाणी.

"फाटलं," मी म्हणालो.

आई डोकावली आणि तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. "लोणी आलं की रे!"

सायीचं दही घुसळताना स्निग्धांशाचे कण एकमेकांवर आपटून चिकटतात. उन्हाळ्यात ते मऊ पडून नीट गोळा होत नाहीत, म्हणून बायका गार पाणी किंवा बर्फ घालतात. म्हणजे लस्सीच्या नावाखाली मी लोण्याची कृती बिनचूक पार पाडली होती. आईने हात घालून लिंबाएवढा केशरी गोळा काढला, तोही कौतुकाने.

खालचं पाणी लेकीने चाखलं. बराच वेळ तोंडात घोळवून म्हणाली, "बाबा, या आंब्याने वडापाव खाल्लाय."

तेवढ्यात समोरच्या गुजराती बेन वाटी परत करायला आल्या. पातेल्यात बघून त्यांनी सरळ विचारलं, "फजेतो करता?" पिकलेल्या आंब्याची आणि दह्याची कढी, त्यांच्याकडे हा खास उन्हाळ्यातला प्रकार. मी घाईघाईने हो म्हणालो.

पुढचं सगळं आई आणि बेनने केलं. बेसन कालवलं, आलं-मिरची ठेचून घातली, केशरी लोणी कढवून त्याच तुपात जिरं, मेथीदाणे, हिंग नि कढीपत्त्याची फोडणी दिली. कढीला आंबट दही लागतंच, ते मी आयतं दिलं होतं. साखर होतीच. लसणाचा वाससुद्धा आता हजर असल्यासारखा नव्हे, बोलावल्यासारखा वाटत होता. लेकीने दोनदा भात घेतला.

"आई, हिला काय म्हणायचं?" तिने विचारलं.

"फजेतो," आई म्हणाली.

बायकोने मोबाइलमधून मान वर केली आणि या वेळी बराच वेळ वरच ठेवली.